माझ्याच पुस्तकावर काढलेले तीन दिवस

सह्याद्रीत अन्नावाचून कोणी मरत नाही, असे मी तीस वर्षे वर्गात सांगत आलो. वर्ग चौथ्या मजल्यावर होता आणि मधल्या सुट्टीत खाली वडापाव मिळत असे. वनस्पतिशास्त्राच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी तेच पुस्तकात लिहिले. 'रान उपाशी ठेवत नाही' असे त्याचे नाव. एकशे बारा रानभाज्या, प्रत्येकीचे चित्र, ओळखण्याच्या खुणा आणि पाककृती. शेवटच्या पानावर एक वाक्य होते आणि त्यावर मी विशेष खूश होतो: 'हे पुस्तक पिशवीत असेल, तर कोणीही सह्याद्रीत चार दिवस आरामात काढू शकेल.'

प्रकाशकांनी शेवटची मुद्रिते दोन प्रतींत घरी पाठवली. त्यांवर माझी सही झाली की छपाई सुरू होणार होती. माझी पत्नी कुमुद हिने दोन दुपारी बसून ती सबंध वाचली. शेवटच्या पानावर थांबून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तुम्ही काढलेत?"

मी म्हटले, काय काढले?

"चार दिवस."

एवढे बोलून ती पाने नीट रचून कुकर लावायला गेली. पुण्यात भांडण याहून मोठे करायची गरज पडत नाही. मी वाक्य काढून टाकू शकलो असतो, पण ते मलपृष्ठावरही जाणार होते आणि खरे म्हणजे मला ते फार आवडत होते. प्रकाशकांना फोन करून सांगितले की गुरुवारी सही देतो, त्याआधी एक छोटासा प्रयोग करायचा आहे. प्रयोगात पुस्तक खरे ठरले तर सही, नाही तर नाही, असे मी कुमुदला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालो.

सोबतीला सोपानराव आले. ते मूळचे धायरीचे. जिथे त्यांची शेती होती तिथे आता त्यांच्या तीन इमारती आहेत आणि त्यांतल्या एकीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर ते राहतात. मुलगा माझा विद्यार्थी, त्यामुळे ते मला सर म्हणतात. दहा वर्षे आम्ही दोघे सिंहगडाच्या बाजूला फिरायला जायचो आणि वाटेत ते मला झुडपांची नावे सांगायचे. पुस्तकाच्या मनोगतात मी त्यांना 'रानाचा चालताबोलता ज्ञानकोश' म्हटले होते. पुस्तक निघायच्या आधीच त्या पानाची झेरॉक्स फ्रेम होऊन त्यांच्या दिवाणखान्यात लागली होती.

नियम ठरवायला आम्हांला दोन संध्याकाळी लागल्या. मीठ चालेल, कारण ते समुद्राचे. काडेपेटी, एक पातेले, एक कोयता आणि संदर्भासाठी मुद्रितांची एक प्रत. तेलावर बराच खल झाला, पण रानात तेल नसते, म्हणून ते बाद. कुमुदने डबा देऊ केला. मी तो ज्या रुबाबात नाकारला तो आठवला की अजून कसेसे होते.

रविवार, घाटमाथा

वेल्ह्याच्या पुढे शेवटच्या गावात एसटीने सोडले. तिथून दोन तासांची चढण. श्रावण लागून आठवडा झाला होता. कारवीच्या दाटीतून वाट, खाली ओढ्याचा आवाज, समोरचा डोंगर क्षणात दिसायचा आणि क्षणात ढगात जायचा. जे गेले नाहीत त्यांना सांगतो, तिथला हिरवा रंग इतका आहे की पहिला तासभर माणसाला भूक लागत नाही.

त्या तासात मी एकोणीस वनस्पती ओळखल्या. त्यांची लॅटिन नावे मी मोठ्याने सांगितली, सोपानरावांनी मान डोलावली. मग दोन वाजले. दोन वाजता आमच्याकडे गेली पस्तीस वर्षे ताट वाढलेले असते, ही गोष्ट माझ्या पोटाला माझ्याआधी आठवली.

"सर, तुमी सांगाल ते खुडू," सोपानराव म्हणाले.

मी म्हटले, छे, हे तुमचे क्षेत्र, तुम्ही पुढे व्हा. ते म्हणाले, मास्तरांच्या पुढं कसं चालायचं? मी म्हटले, इथे मास्तर तुम्ही. अशी एकमेकांना वाट देत आम्ही तासभर चाललो आणि पुन्हा त्याच उंबराखाली आलो. उंबराला फळे नव्हती. शेवटी दोघांनाही नक्की माहीत असलेला टाकळा तेवढा खुडला.

डोंगरावर देवीचे एक पत्र्याचे देऊळ होते, तिथे मुक्काम टाकला. आता चूल. पावसात भिजलेली लाकडे पेटत नाहीत हे दोघांनाही माहीत होते, पण पेटवायची कशी ते नाही. सोपानरावांकडे गॅस येऊन वीस वर्षे झालेली आणि आमच्याकडे त्याहून जास्त. कोरडे असे काय होते, तर प्लॅस्टिकच्या पिशवीतली माझी मुद्रिते. बराच विचार करून मी अनुक्रमणिका काढून दिली. एकशे बारा नावे छान जळली.

पातेलेभर टाकळा शिजून लिंबाएवढा झाला. पुस्तकातली कृती मी वाचून दाखवली: दोन चमचे तेल, सात-आठ लसूण पाकळ्या, भिजवलेली मूगडाळ, वरून ओले खोबरे. आमच्याकडे टाकळा होता. मग मी पुढची पाने उलटली. भारंगी: हरभऱ्याची डाळ, कांदा, गूळ. कुर्डू: डाळीचे पीठ. करटोली: तेलावर परतून. पुस्तक रानभाज्यांचे होते, पण साहित्याची यादी आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याची होती. एवढी वर्षे हे माझ्या लक्षात कसे आले नाही, याचा विचार करत मी माझे दोन घास खाल्ले.

इतक्यात देवळाच्या पायरीवरून खेकडे जाऊ लागले. मोठे, काळपट, अगदी निवांत. सोपानराव एकेकाला दृष्टीआड होईपर्यंत पाहत होते. आमच्या धायरीच्या ओढ्याला असलेच मुठे असायचे, असे ते दोनदा म्हणाले.

"खा की मग," मी म्हटले. "माझी काही हरकत नाही."

"श्रावण हाय सर," ते खिन्नपणे म्हणाले. "आषाढात यायला पायजे हुतं."

आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या कोणी खेकडा खाल्लेला नाही, तेव्हा माझा प्रश्न नव्हता. तरी सांगतो, त्यांच्या श्रावणाचा मला त्या संध्याकाळी आधार वाटला. ते खायला लागले असते तर मी काय केले असते, याची मला आजही खात्री नाही.

सोमवार, देऊळ

सकाळी सोपानरावांचा चेहरा एकदम उजळलेला होता. "सर, आज श्रावणी सोमवार. आज आपण उपाशी न्हाई, आज उपास हाय."

या विचाराने आम्हांला सकाळी अकरापर्यंत खरोखर धीर दिला. मग त्यांनी पिशवीच्या तळातून एक पुडी काढली. सुनेने गुपचूप ठेवलेला बटाट्याचा उपासाचा चिवडा. तो उपासाला चालत होता, पण प्रयोगाला चालत नव्हता. त्यावर आमचा तासभर वाद झाला. ते म्हणाले, बटाटा कंद हाय, कंद रानात असतोच. मी म्हटले, हा बटाटा मार्केट यार्डातला आहे. त्यांनी विचारले की मीठ समुद्राचे म्हणून चालते, तर बटाट्याने काय घोडे मारले. तेव्हा सही माझी आहे, पुस्तक माझे आहे, असे मी जरा वरच्या पट्टीत म्हणालो. मोह नको म्हणून पुडी बाहेर झाडाला उंच बांधली. अर्ध्या तासात माकडे आली. त्या डोंगरावर सोमवारचा उपास रीतीप्रमाणे काय तो त्यांनीच केला.

संध्याकाळी उपास सोडायला काहीतरी हवे होते. ओढ्याच्या कडेला तेरा होता, म्हणजे रानअळू, मोठमोठी ताजी पाने. पुस्तकात 'मूठभर चिंच घालावी, अन्यथा घसा खवखवण्याचा संभव' असे मीच लिहिले होते. संभव हा शब्द मी फार सैल वापरला होता. चिंचेशिवाय शिजवलेला तेरा दोन घास पोटात गेला आणि मग आम्हां दोघांनाही तोंड मिटता येईना. जीभ जाड झाली, घशात कुसे भरली. सोपानराव मीठ चोळत होते, मी पावसात तोंड उघडे धरून उभा होतो. देवीसमोर दोन साठीचे पुरुष तोंडे वासून हातवारे करत आहेत, हे कोणी पाहिले नाही म्हणून बरे.

घसा जरा निवल्यावर मी विझत्या चुलीत आणखी पाने घालायला घेतली. मनोगताचे पान आले तसा मी हात मागे घेतला. सोपानरावांनी ते माझ्या हातून घेतले आणि स्वतःच चुलीत घातले.

"जळू द्या सर," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मला ह्यातलं काय बी येत न्हाई. आमची आई आणायची भाज्या. मी हिरीत पवायला जायचो."

मग नावे कुठून सांगत होता, असे मी विचारले. त्यांनी सांगितले की फिरायला जायच्या आदल्या दिवशी ते मंडईत जात. पायरीजवळ बसणाऱ्या रानभाजीवाल्या बाईला विचारून दोन-चार नावे पाठ करून येत. पहिल्यांदा मी शाबासकी दिली तेव्हा खरे सांगायला हवे होते, पण पुढे शाल-नारळ सुरू झाले.

मीही त्याच बाईकडून त्याच भाज्या विकत घ्यायचो. निवडलेल्या, जुड्या बांधलेल्या, माती झटकलेल्या. घरी आणून चित्र काढायचो आणि मग जुडी कुमुदकडे द्यायचो. हे मी त्यांना सांगून टाकले. दोघांनाही खूप बरे वाटले, आणि मग पोटाचे काय याची भीती वाटली.

मंगळवार, ओढ्याकाठी

पाल्याचा जो परिणाम व्हायचा तो रात्रीत झाला होता. त्याचे वर्णन करत नाही. सकाळी उभे राहिले की डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. सोपानराव म्हणाले, खाली जाऊ. मी म्हटले, अजून दोन दिवस. खाली गेलो असतो तर सही गेली, पुस्तक गेले, आणि घरी दार कोण उघडणार हे मला माहीत होते.

आणि तेव्हाच मला तो वेल दिसला. हृदयाच्या आकाराची मोठी पाने, ठळक शिरा. करांदा. मी दोनदा चित्राशी ताडून पाहिला, अजिबात चूक नव्हती. आम्ही आळीपाळीने कोयत्याने उकरत बसलो. दीड-दोन तासांनी तीन कंद निघाले, नारळाएवढे, केसाळ. मी सत्त्याऐंशीवे पान काढले आणि मोठ्याने वाचले: 'कडवट, पण पौष्टिक. उकडून, साल काढून, मीठ लावून खावा.'

तेल नाही, डाळ नाही, चिंच नाही. एकशे बारांपैकी एका कृतीचे सगळे साहित्य आमच्याकडे होते. मला हुंदका आला. मनातल्या मनात मी सही केलीसुद्धा. ओढ्याकाठच्या कपारीखाली दगड मांडले, उरलेल्या पुस्तकातली पन्नास पाने जाळली आणि कंद उकळत ठेवले. तासाभराने कोयत्याचे टोक रुतू लागले.

तेवढ्यात शेळ्या आल्या आणि त्यांच्यामागे घोंगडीची खोळ घेतलेली एक म्हातारी. धनगरवाड्यावरच्या हौसाबाई, असे नंतर कळले. आधी तिने आजूबाजूचे अर्धवट जळालेले कागद पाहिले.

"कागुद शिजवून खाताय का काय?"

मी ताठ मानेने सांगितले की करांदा उकडतो आहे. ती पातेल्याजवळ आली, वाकून पाहिले, काठीने एक कंद दाबला आणि विचारले, "राख कुठं घातली?"

कसली राख, असे मी विचारले. त्यावर तिने काठी पातेल्याच्या काठाला लावली आणि पातेले ओढ्यात उलटे केले. तिन्ही कंद पाण्याबरोबर निघून गेले. सोपानराव त्यांच्यामागे दोन पावले धावले आणि बसले. मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात कुठल्याही परक्या बाईवर मी तसा ओरडलो नव्हतो. दोन दिवस उपाशी आहोत, पुस्तकात लिहिले आहे, असे मी म्हणत होतो आणि जळायचे उरलेले ते पान तिच्यासमोर नाचवत होतो.

तिने चित्र पाहिले. चित्र बराबर हाय म्हणाली. मग शेळीला हाकलावे तशी काठी हलवून आम्हांला पुढे घातले.

तिच्या खोपटात नाचणीची भाकरी होती आणि टाकळ्याची भाजी, मिरची आणि मिठाची, वर चमचाभर तेल. आम्ही किती खाल्ले ते तिने मोजले नाही, मीही मोजले नाही. निव्वळ पाल्यावर आम्ही राहणार होतो हे कळल्यावर ती पहिल्यांदा हसली. पाला भाकरीसंगं खायचा असतो, तिने समजावले, नुसता पाला शेळीलाबी पुरत न्हाई. रेशनचा तांदूळ आणायला ती चार तास उतरते आणि चार तास चढते. रानात सगळे मिळत असते तर ती कशाला उतरली असती, असे तिने मलाच विचारले.

मग मी करांद्याचे विचारले.

"राखंत उकडायचा. मग रातभर वढ्यात धरायचा, फडक्यात बांधून. मग खायचा, त्यो बी थोडा. आन् ह्ये काय कंद काढायचं दिस हायेत?"

आणि नुसता उकडला तर?

ती चुलीकडे पाहत बोलली. तिच्या सासूची जाऊ त्याने गेली. उपासमारीचे साल होते, पोरे रडत होती. रात्रभर पाण्यात ठेवायला धीर धरवला नाही, तसाच उकडला. "पर पोरास्नी द्यायच्या आधी तिनं सोता खाऊन बघितला. पोरं वाचली."

सत्त्याऐंशीवे पान माझ्या खिशात होते. त्याच्या हजारो प्रती निघणार होत्या, एक सही बाकी होती. 'कोणीही चार दिवस' यातला तो कोणीही मला प्रथमच माणसासारखा दिसला. हातात पातेले घेतलेला, माझ्यावर विश्वास ठेवलेला.

बुधवार, पुणे

दुपारी घरी पोचलो. कुमुदने दार उघडले, मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि बाजूला झाली. एक दिवस आधी आलो, यावर ती एक शब्दही बोलली नाही. माझ्या ओळखीत असे वागणारी पुण्यातली ती एकटीच असेल.

आंघोळ करून मी दुसरी प्रत काढली आणि सत्त्याऐंशीवे पान तिच्यासमोर ठेवले. म्हटले, एक कळत नाही. दर वर्षी दिवाळीनंतर मंडईतून मी करांदे आणतो, आपण खातो. नुसते उकडून. आपल्याला कसे काही झाले नाही?

"नुसते नाही उकडत मी," ती म्हणाली. "राखेत उकडते. खालच्या इस्त्रीवाल्याकडून आणते राख."

तुला कोणी सांगितले?

"मंडईतल्या बाईने. पहिल्या वर्षी नंतर जाऊन विचारलं तिला." ती गवार निवडत होती, हात थांबला नाही. "तुम्ही कंद ठेवून अधिवेशनाला गेलात. उकडून ठेव म्हणालात. मी उकडला आणि तुम्ही यायच्या आधी जरा खाऊन बघितला. दोन दिवस अंथरुणात होते. उलट्या थांबेनात तेव्हा शेजारच्यांनी डॉक्टरांना बोलावलं."

ते अधिवेशन मला आठवत होते. परत आल्यावर मी तिला तास-दीड तास माझ्या निबंधाचे कौतुक ऐकवले होते. तिने ऐकून घेतले होते.

"आणि रात्रभर वाहतं पाणी?"

"आपल्याकडे कुठलं वाहतं पाणी. बादलीत ठेवते. रात्रीतून तीनदा उठून पाणी बदलते."

बारा वर्षे. दर वर्षी. मी दुसऱ्या दिवशी पानावर बसून 'कडवट, पण पौष्टिक' असे लिहायचो. मला सांगितले का नाहीस, असे मी विचारले, तेव्हा माझाच आवाज मला लहान वाटला.

"तुम्ही वहीत लिहून घेताना विचारायचात, उकडला ना? मी हो म्हणायचे. उकडलेलाच असायचा." तिने गवारीचे ताट बाजूला केले. "छापायला जाईपर्यंत कधीतरी पुढचं विचाराल असं वाटलं होतं."

मला लाज वाटली. इतकी की जेवणाची हाक येईपर्यंत मी तिथून उठलो नाही.

गुरुवारी प्रकाशकांचा माणूस मुद्रिते न्यायला आला, त्याला मी हात जोडून परत पाठवले. मग पहिले पान काढले, पेन्सिलीला टोक केले आणि कुमुदला समोर बसवले. टाकळा. मी वाचून दाखवले आणि विचारले, यात तू असे काय करतेस, जे मी लिहिलेले नाही?

तिने चष्मा पुसला, लावला. "किती वेळ आहे तुमच्याकडे?" असे विचारून बोलायला लागली. त्याला आता पाच महिने झाले. आम्ही एकविसाव्या भाजीवर आहोत.